वीस रुपयांचा शेअर आणि सात-बारा

बांधकाम या विषयावर मत नसलेला माणूस जालन्यात सापडणं कठीण. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते जुन्या काळचं. आता हा पाळणा लोखंडाचा आहे. भंगार वितळवून बिलेट, बिलेटची सळई आणि ती सळई महाराष्ट्रभरच्या स्लॅबात. त्यात डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो आपल्याच जिल्ह्यातून जातो. त्यामुळे इथे एक समज पक्का झाला आहे की देशात एवढं बांधकाम चाललंय म्हणजे ते बांधणाऱ्या कंपन्या पैसा छापत असणार. २०२० च्या लॉकडाऊननंतर घरोघरी मोबाईलवर डिमॅट खाती निघाली आणि हा समज शेअर बाजारात पोचला!

या मंडळींच्या तोंडी हमखास येणारं नाव म्हणजे एचसीसी, अर्थात हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. तसं नाव घ्यावं अशीच ही कंपनी आहे, यात शंका नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली सुरू केली, म्हणजे २०२६ हे तिचं शताब्दीचं वर्ष. वांद्रे-वरळी सागरी सेतू तिनेच बांधला, ३० जून २००९ ला तो खुला झाला. काश्मीरमधला पीर पंजालचा अकरा किलोमीटरचा रेल्वे बोगदाही तिचाच. अशी कंपनी चहा-वड्याच्या भावात मिळत असेल तर कोणालाही मोह होणारच.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. ग्रॅच्युइटीतले दोन लाख बाजूला काढून त्यांनी विचारलं, "वीस रुपयांच्या आसपास आहे म्हणतात. दहा हजार शेअर येतील. एकेकाळी साठला होता हा. परत साठ झाला तर?" हिशेब सरळ दिसतो. दोन लाखांचे सहा लाख, नातीचं शिक्षण निघालं. मला खटकतो तो या हिशेबातला 'परत' हा शब्द. त्याबद्दलच लिहायचं आहे.

शेअरचा भाव म्हणजे कंपनीची किंमत नव्हे, तिच्या एका तुकड्याची किंमत. तुकडे किती आहेत ते कळल्याशिवाय स्वस्त की महाग हे ठरतच नाही. आपल्याकडे हे कोणाला शिकवायची गरज नाही खरं तर. वीस एकरांच्या सात-बारावर दोन नावं असताना तुमचा वाटा दहा एकर. नऊ नावं चढली की वाटा सव्वादोन एकर. जमीन तीच, विहीर तीच, बांधावरचं आंब्याचं झाडही तेच. मोंढ्यातला कुठलाही शेतकरी सौद्याआधी उतारा मागतो. तोच माणूस शेअर घेताना मात्र उतारा बघत नाही, नुसता भाव बघतो!

एचसीसीचा उतारा मोठा बोलका आहे. २०१० मध्ये एकास एक बोनस दिल्यावर कंपनीचे साधारण ६० कोटी शेअर होते. मग कर्ज वाढत गेलं. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने संकटातल्या कर्जांसाठी 'एस फोर ए' नावाची योजना आणली, त्यात ही कंपनी गेली आणि कर्जाच्या काही भागाऐवजी बँकांना शेअर मिळाले. २०१८ च्या अखेरीस १० रुपयांनी राइट्स इश्यू झाला आणि शेअरांची संख्या दीडशे कोटींच्या वर गेली. २०२४ मध्ये २१ रुपयांनी पुन्हा राइट्स, त्याच डिसेंबरात मोठ्या संस्थांना सुमारे ४३ रुपयांनी शेअर विकले आणि बरोबर एका वर्षाने, डिसेंबर २०२५ मध्ये, साडेबारा रुपयांनी एक हजार कोटींचा राइट्स. आता उताऱ्यावर अडीचशे कोटींच्या वर तुकडे आहेत. २०१० मध्ये ज्याच्याकडे हजार शेअर होते आणि ज्याने नंतर काहीच घेतलं नाही, त्याचे हजार शेअर हजारच राहिले, पण कंपनीतला त्याचा वाटा पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी झाला.

(मोठ्यांनी घेतलाय म्हणजे काहीतरी बघूनच घेतला असेल, असं म्हणणाऱ्यांनी ते ४३ आणि साडेबारा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघावेत.)

आता गुरुजींच्या 'परत साठ'कडे येऊ. २०१० मध्ये साठ रुपये भाव म्हणजे अख्खी कंपनी सुमारे ३,६०० कोटींची. आज साठ रुपये भाव म्हणजे तीच कंपनी १५ हजार कोटींच्या वर. याला 'परत' म्हणता येत नाही, कंपनी पूर्वीच्या चौपट मोठी व्हावी लागेल. होणारच नाही असं माझं म्हणणं नाही. पण आपण कशावर पैसे लावतोय हे माहीत असायला हवं, एवढंच.

बरं, उताऱ्यावर नवी नावं काही फुकट चढत नाहीत, ती पैसे घेऊनच येतात. बघायचं ते हे की त्या पैशातून नवी विहीर खोदली की सावकाराचं जुनं देणं फेडलं. राइट्सच्या कागदपत्रात 'हा पैसा कशासाठी' असं एक प्रकरण असतं. इंग्रजी किचकट असतं हे मान्य, पण तेवढं एक प्रकरण तरी कोणाकडून वाचून घ्यावं.

एवढी हुशार कंपनी अशा अडचणीत का आली? लोक लगेच लवासाचं नाव घेतात आणि ते खोटं नाही. मुळशीच्या डोंगरात नवं शहर वसवायला निघालेली ही तिचीच उपकंपनी. २०१० मध्ये तिचा दोन हजार कोटींचा आयपीओ येणार होता, त्याच नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं, आयपीओ राहिला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण माझ्या मते लवासापेक्षा जुनं आणि खोल दुखणं वेगळंच आहे, आणि ते जालन्यातल्या छोट्यातल्या छोट्या ठेकेदारालाही ठाऊक आहे: काम झालं, पण बिल निघत नाही. २०२५ मध्ये राज्यभरातल्या ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं केली, ती आपण पाहिली. मोठ्या कंपनीचं तेच, फक्त आकड्यावर शून्यं जास्त.

होतं असं की सरकारी खातं काम देतं, पण जमीन वेळेवर ताब्यात देत नाही, मध्येच नकाशा बदलतो, खर्च वाढतो. कंपनी जादा पैसे मागते, खातं नाही म्हणतं, प्रकरण लवादाकडे जातं. लवाद कंपनीच्या बाजूने निकाल देतो आणि खातं कोर्टात जातं. वर्षं जातात. इकडे बँकेचं व्याज मात्र एक दिवस थांबत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारने ठरवलं की लवादाचा निकाल लागला असेल तर कोर्टात प्रकरण असलं तरी ७५ टक्के रक्कम द्यावी, पण बँक हमीवर. आता जी कंपनी बँकांच्याच दारात अडकली आहे तिला हमी सहज कोण देणार? लवादाच्या कायद्यात निकालाला आपोआप स्थगिती देणारं एक कलम घातलं होतं, त्याविरुद्ध हीच कंपनी सर्वोच्च न्यायालयात लढली आणि २७ नोव्हेंबर २०१९ ला ते कलम रद्द झालं. जिंकली, पण जिंकायलाही वेळ गेलाच ना. म्हणजे या शेअरचा खरा प्रश्न पूल किती बांधले हा नसून येणं किती आणि ते केव्हा येणार हा आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनी बुडाली नाही. मार्च २०२० मध्ये हा शेअर दहा रुपयांच्या कितीतरी खाली होता आणि २०२४ मध्ये पन्नासच्या वर गेला होता. त्यात पैसे केलेले लोक आहेत आणि त्यांचेच किस्से मोंढ्यात फिरतात. पन्नासला घेतलेला माणूस किस्सा सांगत नाही, तो गप्प बसतो.

ज्यांच्याकडे आधीच असे शेअर आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण हे फार कमी जणांना माहीत असतं. राइट्स आला की डिमॅट खात्यात 'हक्क' वेगळा जमा होतो. डिसेंबर २०२५ च्या राइट्समध्ये हजार शेअरवाल्याला ४३९ शेअरांचा हक्क होता, घ्यायचे तर साधारण साडेपाच हजार रुपये भरायचे. नको असेल तर तो हक्क ठरलेल्या दिवसांत बाजारात विकता येतो. दोन्ही केलं नाही तर तो संपतो आणि हातात काहीच येत नाही. मोबाईलवर आलेला मेसेज कंपनीची जाहिरात समजून पुसून टाकणारे मी पाहिले आहेत. अडचणीतल्या कंपनीचा शेअर घेणं म्हणजे पुन्हा पुन्हा खिशात हात घालायची तयारी ठेवणं. दोन लाख आज दिले की विषय संपला असं होत नाही.

गुरुजींना मी एवढंच विचारलं, उद्या अजून एक राइट्स आला तर भरायला वेगळे पन्नास हजार आहेत का? आणि या दोन लाखांचे पन्नास हजार झाले तर नातीची फी अडेल का? ते म्हणाले, "पन्नास हजार आहेत, पण ते औषधांचे." मग पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेचा फॉर्म आणायला आम्ही दोघं बरोबरच गेलो. वीस हजारांचे एचसीसीचे शेअर घ्यायचेच असा त्यांचा हट्ट अजून आहे. सागरी सेतूवरून एकदा गेलो होतो, म्हणतात, तेवढं तरी नावावर असू दे. त्याला माझी हरकत नाही.