ऑलिव्हचं झाड आणि गायरानाची पावती

दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँकेत ऑलिव्हची तोडणी चालते. शहरात गेलेली मुलं, सुना-नातवंडं, म्हातारी माणसं सगळी रानात जमतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार ८० हजार ते १ लाख कुटुंबांना या पिकाचा आधार आहे. नेमक्या याच दिवसांत इस्रायली वसाहतवाल्यांचे हल्ले होतात, झाडं तोडली जातात, जाळली जातात. आपण बातमी वाचतो, हळहळतो आणि पुढे पाठवतो. पण राग झाडावर का, हे विचारत नाही.

उत्तर जमिनीच्या कायद्यात आहे. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्याप्रमाणे सलग दहा वर्षं जमीन कसणाऱ्याला तिच्यावर हक्क सांगता येतो आणि पडीक ठेवलेली जमीन सरकारजमा होऊ शकते. १९६७ मध्ये वेस्ट बँकेचा ताबा घेणाऱ्या इस्रायलने पुढे याच जुन्या कायद्याचा आधार घेऊन मोठमोठी क्षेत्रं 'सरकारी जमीन' म्हणून जाहीर केली. अशा वेळी शंभर वर्षांचं झाड म्हणजे आजोबा-पणजोबांनी ही जमीन कसल्याचा पुरावा. पॅलेस्टिनी माणूस या झाडात 'सुमूद' पाहतो. सुमूद म्हणजे पाय रोवून टिकून राहणं. झाड तोडलं की उत्पन्न तर जातंच, साक्षीदारही जातो.

आता टेंभी नाक्यावर येऊ. इथून चालत कोर्ट नाक्यावर गेलं की जिल्हाधिकारी कार्यालय लागतं. आम्ही ठाणे-कल्याणच्या वस्त्यांत काम करतो. यातली कितीतरी घरं १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातून आली. जातीच्या दाखल्यासाठी जुने कागद शोधताना एखाद्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी पिवळी पडलेली पावती सापडते. गायरानावर अतिक्रमण केलं म्हणून आजोबांनी भरलेल्या दंडाची ती पावती असते. आजोबांना गुन्हेगार ठरवणारा हाच कागद आज नातवाच्या हक्काचा पुरावा आहे.

हा हक्क कुणी दान दिलेला नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसं तुरुंगात गेली. पुढे १९७८ आणि १९९१ चे शासन निर्णय आले. १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचं ठरवलं. मात्र त्यासाठी पुरावा हवा: गाव नमुना १-इ मधली नोंद, पीकपाहणी, दंडाची पावती.

इथेच आपलं गणित अडतं. ऑलिव्ह शेकडो वर्षं उभं राहतं. आपल्या माणसाने गायरानावर पेरली ज्वारी-बाजरी. पीक काढलं की रान मोकळं. कधी काढणीआधीच गावातल्या दांडग्यांनी उभ्या पिकात जनावरं घातली. नोंद घ्यायला तलाठी फिरकला नाही आणि पोटासाठी माणूस ठाण्याला आला. कसल्याची खूण ना रानात उरली, ना दप्तरात.

दोन्हीकडची परिस्थिती सारखी आहे, असं आम्ही म्हणत नाही. तिथे लष्करी ताबा आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बेकायदेशीर असल्याचं मत दिलं, तरी तो उठलेला नाही. आपल्याकडे संविधान आहे, न्यायालय आहे. शिवाय गायरान साऱ्या गावाचं, हा मुद्दाही खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं ते त्यासाठीच. पण त्याच निकालात, शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसाठी अपवादाची वाट ठेवलेली आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा बंगले बांधणारा धनदांडगा आणि दोन एकर कसणारी विधवा एकाच यादीत आले. अशा वेळी अपवादाची वाट कागद असलेल्यालाच सापडते.

म्हणून तरुण मित्रांनो, पॅलेस्टाईनसाठी जरूर बोला. आणि या सुट्टीत गावी गेलात की आजीजवळ बसा. जमीन कुठे होती, कधीपासून कसली, बांधाला कोण होतं, हे लिहून घ्या. पेटीतली पावती जपा. तलाठी कार्यालयात १-इ ची नक्कल मागा, मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. जमीन अजून कसत असाल तर बांधावर लिंब लावा, आंबा लावा. तलाठ्याने लिहिलं नाही तरी झाड उभं राहील.

जय भीम!