मैफलीवाचूनचे संगीत

संगीत म्हणजे मैफल आणि ध्वनिमुद्रण ही तिची पडछाया, हा समज रूढ आहे. १९६० साली जन्मलेले डच हेवी मेटल गिटारवादक आर्येन लुकासन यांची कारकीर्द त्यास छेद देते. १९८० नंतरच्या दशकात व्हेंजन्स या बँडमधून रंगमंच अनुभवलेल्या या कलावंताने १९९५ पासून आयरिऑन हा प्रकल्प ध्वनिमुद्रणगृहातच उभारला. रचनाकार आणि निर्माता तेच. गायक दरवेळी निराळे. ‘द ह्यूमन इक्वेशन’मध्ये (२००४) बेशुद्ध माणसाची भीती, अभिमान, प्रीती हीच पात्रे होऊन गातात. समोरच्या श्रोत्याची दाद येथे नसते, हे उणेपण मान्यच. पण कादंबरीकाराकडे कोणी ती मागतो काय? रॉटरडॅमच्या रंगभूमीवर ही कृती अवतरली २०१५ साली. तोवरची ११ वर्षे ती अपुरी होती, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही.