आधी निदान, मग फवारा!

लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं पान कुरतडलेलं दिसलं, की आपण लगेच फवारा मारतो. मित्रांनो, सर्किट चालेना तर आधी फॉल्ट शोधतो ना? मग झाडाच्या बाबतीत घाई का? माती ओली आणि खालची पानं पिवळी, तर पाणी कमी करा. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या मातीत हे नेहमीचंच. पण पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं, तर ती बहुधा फुलपाखराची अळी! २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखरू केलं, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. चार पानं गेल्याने मोठं झाड मरत नाही. रोप लहान असेल, तर अळ्या मोठ्या झाडावर सोडा. फुलपाखरू हवं, पण अळी नको, हे कसं चालेल?