टॉवेल कडक झाला, त्यात मावशींचा दोष नव्हता



आज विषय साधा आहे, धुण्याचा. पण त्यात माझी एक चूकही आहे, म्हणून तीच आधी सांगते.

आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि आता पलंगावरच असतात. रोज सकाळी कोमट पाण्यानं त्यांचं अंग पुसावं लागतं. या वयात कातडी पिंपळाच्या जाळी पडलेल्या पानासारखी पातळ होते. म्हणून सुरतेला लग्नाला गेले तेव्हा मायक्रोफायबरचे सहा टॉवेल घेऊन आले. पहिला महिना ते सावरीच्या कापसासारखे मऊ होते. तीन महिन्यांत खरखरीत झाले. एके सकाळी हात पुसताना त्यांच्या कोपराजवळची कातडी सोलली गेली आणि रक्त आलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त हात मागे घेतला.

बोलले मी, तेही धुण्याच्या मावशींना. "दगडावर आपटून आपटून तुम्ही टॉवेलांची वाट लावली," असं चार जणींसमोर म्हणाले. मावशींनी एवढंच सांगितलं, "भाभी, आपटत नाही मी. तुम्ही सांगता तेवढी पावडर टाकते आणि ते वासाचं निळं पाणी टाकते."

त्या दुपारी मी एक धुतलेला, वाळलेला टॉवेल स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकला. पावडरीचा कणही घातला नाही. दोनदा पिळला, तर बादलीत फेस! म्हणजे धुतलेल्या टॉवेलात जुना साबण तसाच बसून होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोष मावशींच्या हाताचा नव्हता. तो माझ्या सांगण्याचा होता.

माझं मत स्पष्ट आहे. हे टॉवेल बहुतेक घरांत कमी धुतल्यानं खराब होत नाहीत, जास्तीच्या काळजीनं होतात. जास्त पावडर, जास्त गरम पाणी, जास्त सुवास, जास्त ऊन.

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि नायलॉन यांचा अतिशय बारीक धागा. किती बारीक? असा एकेरी तंतू ९ किलोमीटर लांब घेतला, तरी त्याचं वजन १ ग्रॅमपेक्षा कमी भरतं. अशा तंतूंमधल्या बारीक फटींत पाणी आणि धूळ ओढली जाते. टॉवेलाचा मऊपणा आणि पाणी टिपण्याची ताकद या फटींवरच अवलंबून आहे. फटी बुजल्या की टॉवेल संपला.

आता त्या बुजतात कशानं ते पाहा. कपडे मऊ करणारं सुवासिक द्रव धाग्यावर मेणचट थर चढवतं. सुती साडीला तो थर बरा वाटतो, पण या टॉवेलाला नाही. पावडर जास्त झाली की पूर्ण निघत नाही. त्यात आपल्याकडे बोअरचं पाणी जड. साबणाची वडी लावली की जड पाण्यातल्या क्षारांबरोबर तिचा चिकट साका होतो आणि तो धाग्यांत अडकतो. सुती कपड्यांबरोबर धुतलं तर त्यांची सगळी लव हा टॉवेल ओढून घेतो. मग हाताला जे खरखरीत लागतं, त्यात टॉवेलापेक्षा त्याच्यावर बसलेलंच जास्त असतं.

मी आता असं करते. हे टॉवेल वेगळ्या बादलीत, साध्या किंवा जेमतेम कोमट पाण्यात धुते. तीन-चार टॉवेलांना पाव चमचा पावडर. सुवासिक द्रव नाही, ब्लीच नाही. हातानं दाबून, चोळून मळ काढायचा, ब्रश लावायचा नाही. मग फेस येणं थांबेपर्यंत खळबळायचं. पावडर कमी घातली की दोन पाण्यांत काम होतं. पूर्वी चार पाणी ओतूनही फेस राहायचा. उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात पाण्याची काय ओढ असते ते तुम्हाला सांगायला नको.

वाळवणं तेवढंच महत्त्वाचं. पिरगाळून पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. दोन्ही टोकं धरून चार वेळा जोरात झटकायचं, म्हणजे चिकटलेले धागे सुटे होतात. मग सावलीत, वाऱ्यावर, एकेरी पसरून टाकायचं. मे महिन्यात गच्चीवर दुपारभर टाकलेला टॉवेल पापडासारखा होतो, आणि कडक ऊन रोजचं झालं की नायलॉनचा धागाही हळूहळू कमजोर होतो. इस्त्री तर कधीच नको, हा धागा उष्णतेनं वितळतो. मिरचीच्या दिवसांत आमच्याकडे आणखी एक नियम असतो. नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळत असते, वारा सुटला की तिखट धूळ घरात येते आणि हा टॉवेल ती पकडून ठेवतो. त्या दिवसांत अंग पुसायचे टॉवेल घरातच वाळवते.

ओला टॉवेल गोळा करून मोरीत टाकू नका. सासूबाई पहिल्यापासून सांगत आल्या, ओलं कापड दोन घडीच्या आत पसरलंच पाहिजे. जयणा म्हणून ते आपण पाळतोच. पण कुबट वास आणि बुरशी टाळायची तरी उपाय तोच आहे.

आधीच कडक झालेले टॉवेल फेकू नका. बादलीभर कोमट पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व विरघळवून अर्धा तास भिजवा, मग स्वच्छ पाण्यात खळबळा. क्षारांचा थर सुटतो. मेणचट थर असेल तर आधी थोड्या पावडरीनं धुऊन घ्या. लिंबूसत्त्व आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. आमच्या सहांपैकी चार टॉवेल पुन्हा मऊ झाले. इस्त्री केलेले दोन नाही झाले, ते आता खिडक्या पुसायला.

"एवढं कोण करतं? स्वस्त आहेत, नवे आणायचे," असं माझी नणंद म्हणते. मला ते पटत नाही. हा टॉवेल म्हणजे प्लॅस्टिक आहे, तो मातीत कुजत नाही. शिवाय प्रत्येक धुण्यात त्याचे तंतू सुटतात. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठानं २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पॉलिस्टरच्या ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सुमारे ४ लाख ९६ हजार तंतू सुटू शकतात असा अंदाज निघाला. आपली मोरी गटाराला मिळते आणि गटार नदीला. शहाद्याची गोमाई प्रकाशाला तापीत जाते आणि तापी पुढे सुरतेवरून समुद्राला. म्हणजे सुरतेहून आणलेल्या टॉवेलाचे तंतू आपणच पाण्यावाटे सुरतेला परत पाठवतो. मी धुण्याचं पाणी जुन्या सुती कापडाच्या दुहेरी घडीतून ओतते. सगळं अडत नाही, पण रोज चिमूटभर लव निघते, ती सुक्या कचऱ्यात टाकते. प्यायचं पाणी गाळणाऱ्या आपण, सोडायचं पाणी गाळायला का लाजावं?

पुन्हा असे टॉवेल घेणार का? नाही. आपल्या शहादा-तळोद्याच्या शेतांत कापूस पिकतो. सासूबाईंचं अंग आता जुन्या मलमलीच्या साडीच्या तुकड्यांनी टिपते, चोळत नाही. पण घरात आलेले चार टॉवेल झिजेपर्यंत वापरणार, फर्निचरला आणि गाडीला.

कोपराची जखम भरली. मावशींची माफी मागायला मला आठ दिवस लागले, आणि तीही मी त्या चार जणींसमोर मागितली नाही, स्वयंपाकघरात मागितली. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या भाभी." आज इथे सगळ्यांसमोर लिहिलं, तेवढंच बाकी होतं.

आज तुमच्या टॉवेलावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. लगेच शोषला तर धुणं बरोबर आहे. वरच घरंगळला तर कोणाला बोलण्याआधी पावडरीचा डबा बघा.