उचलेल त्याचा फोन

'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व आपल्याकडे कायद्यानं मान्य झालं. १ एप्रिल १९५७ रोजी (तारीख जरा संशयास्पद आहे, पण खरी आहे) कुळं जमिनीची मालक झाली. 'उचलेल त्याचा फोन' हे त्याहून साधं तत्त्व मान्य व्हायला मात्र अजून किती एप्रिल जावे लागणार आहेत कोण जाणे! जो दिवसभर फोन उचलतो, त्याला फोन निवडताना कोणी विचारत नाही. आणि जो निवडतो, त्याचा फोन दुसराच कोणीतरी उचलून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून सांगत असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या पतसंस्थेत जुनी यंत्रणा काढून इंटरनेटवर चालणारे टेबलफोन घ्यायचं ठरलं, तेव्हा नेमलेल्या उपसमितीत मी होतो. माझी पात्रता म्हणाल, तर सभासदांची संख्या विषम हवी होती.

विक्रेत्याचा टाय लावलेला मुलगा बॅगेतून एकेक फोन काढून टेबलावर मांडू लागला. अगदी बांगड्या दाखवायला बसावं तसा. चेअरमनसाहेबांनी रंगीत पडद्याचा, सर्वांत मोठा फोन जवळ ओढला. "सर, याच्यावर हवामानसुद्धा दिसतं," मुलगा म्हणाला. साहेबांच्या पाठीमागे सहा फुटी खिडकी आहे. पण खिडकीतलं हवामान कोणालाही दिसतं, त्यात मोठेपणा तो काय? मॅनेजरांनी फक्त सूट किती ते पाहिलं. मी बटणं मोजली, बेचाळीस भरली. आणि आम्ही फोन निवडत होतो त्या वेळी भिंतीपलीकडे आमच्या ऑपरेटरबाई फोन उचलत होत्या. त्यांना आत बोलवावं हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू?

"आणि सर, ऑपरेटर लागणारच नाही," मुलानं शेवटचा पत्ता टाकला. "मशीनच बोलेल. कर्जासाठी एक दाबा, ठेवीसाठी दोन दाबा." कर्जाचे पैसे कसे दाबायचे, हे आमच्या काही सभासदांना मशीननं शिकवायची गरज नव्हती. पण उपसमिती खूश झाली.

ऑपरेटर काढायची ही हौस तशी जुनीच. अमेरिकेत स्ट्रॉजर नावाचे एक गृहस्थ होते, धंदा अंत्यविधीचा. ऑपरेटर आपलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळवते असा त्यांना संशय होता म्हणतात. म्हणून त्यांनी आपोआप नंबर जोडणारं एक्स्चेंज शोधून काढलं आणि १८९१ साली त्याचं पेटंट मिळवलं. तेव्हा ऑपरेटर नको ही कल्पना मुळात स्मशानाच्या वाटेवरून आलेली आहे, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

फोन आले. बावीस. पेढे झाले. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली.

जुन्या फोनची एक खुबी आपण कधी लक्षातच घेतली नव्हती. त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून त्याच तांब्याच्या तारेनं यायची. गाव अंधारात बुडालं तरी फोन आपला वाजायचा. हा नवा फोन भिंतीतल्या विजेवर पोसलेला. बाविसाच्या बावीस काळे ठिक्कर! बॅटरी होती एकच, ती चेअरमनसाहेबांच्या कॉम्प्युटरला लावलेली; आणि साहेब परगावी.

दुसऱ्या दिवशी अठरा किलोमीटरवरून एसटीनं एक बाई आल्या. नवरा इस्पितळात. मुदतठेव मोडायची होती, कागद कोणते लागतील तेवढं विचारायला आदल्या दिवशी दुपारभर फोन लावत होत्या. "लागतच नव्हता हो," एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्या ऑपरेटरबाई त्यांना आवाजावरून ओळखतात, नवऱ्याचं दुखणंही त्यांना ठाऊक होतं. फोन लागला असता तर दोन मिनिटांचं काम. मशीननं त्यांना काय सांगितलं असतं? दुखण्यासाठी तीन दाबा?

म्हणून सांगतो, फोन घ्यायला निघालेल्या तमाम उपसमित्यांनो, पडदा आणि बटणं मागाहून बघा. आधी विचारा, वीज गेल्यावर काय? या फोनांना वीज जाळ्याच्या वायरीतूनच देता येते. २००३ सालापासून त्याचे नियमही ठरलेले आहेत. मग वायरी जिथे एकत्र येतात तो स्विच, राउटर आणि फायबरची डबी एवढ्यांना एक चांगली बॅटरी लावली, की सगळे फोन जागे राहतात. बावीस बॅटऱ्या नकोत, एक अक्कल हवी.

दुसरं, कानाला काय ऐकू येतं? जुन्या लाइनवर आवाजाची वरची पट्टी ३४०० हर्ट्झला कापलेली असायची. 'स'चा सगळा सळसळाट त्याच्या वर. म्हणून फोनवर 'साठ हजार' सांगावं आणि ऐकणाऱ्यानं 'आठ हजार' लिहावं! नवे चांगले फोन ७००० हर्ट्झपर्यंत आवाज नेतात. पण समोरच्या फोनला आणि मधल्या वाटेलाही ते जमलं तरच. हे विक्रेता आपणहून सांगत नाही. गंमत अशी, की यातल्या काही यंत्रणा बोलणारा गप्प झाला की मुद्दाम थोडी खोटी खरखर भरतात, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं लाइन मेली. जिच्याबद्दल आपण जन्मभर तक्रारी केल्या, ती खरखर आता पैसे मोजून घ्यायची!

तिसरं, फोनची बोली. सिप नावाची सर्वांना खुली बोली आहे. ती बोलणारा, विक्रेत्यानं कुलूप न घातलेला फोन घ्या. नाहीतर उद्या विक्रेता बदलला की फोनही मुके.

आणि हे सगळं विचारायचं कोणी? जो फोन उचलतो त्यानं. एसटीनं आलेल्या त्या बाईंनंतर उपसमितीला ही बुद्धी झाली. ऑपरेटरबाईंपुढे चार नमुने ठेवले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येक रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून दोन्ही हातांनी लिहून पाहिलं. डोळे मिटून फोन दुसरीकडे जोडून पाहिला. मला पलीकडच्या खोलीत पाठवून "साठ म्हणा, आता आठ म्हणा" असं दहा वेळा म्हणायला लावलं. कोण बोलतंय ते दाखवणारे लाल दिवे ज्याच्यावर नीट दिसत होते, तो फोन त्यांनी उचलला. तो चारांतला दुसऱ्या नंबरचा स्वस्त निघाला. उपसमितीला हे जरा अपमानास्पद वाटलं. पण मंजूर झालं. बॅटरीही आणि बाईही.

चेअरमनसाहेबांचा मोठा फोन अर्थात तसाच आहे. परवा त्यांनी त्याच्यावरून बाईंना विचारलं, "अहो बाई, बाहेर पाऊस थांबला का?"