तहान आमची, जंगल कोरकूंचे

बाळापूर तालुका खारपाण पट्ट्यातला. इथल्या विहिरीचे पाणी घशाखाली उतरत नाही. म्हणून तापी महापुनर्भरण योजनेचे नाव निघाले की आपल्या माणसांना आशा वाटते. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र व मध्य प्रदेशने या योजनेचा करार केला. मेळघाटातील धारणी तालुक्याच्या सीमेवर, तापीवर खारिया घुटीघाट येथे ८.३१ टीएमसीचे धरण होणार आहे.

जुन्या आराखड्यात ७३ गावे बाधित होती. आता एकही गाव उठवावे लागणार नाही, असे सरकार सांगते. पण घर राहिले आणि शेत, मोह, तेंदू, नदी गेली, तर कोरकूंनी जगायचे कशावर?

काही बांधव विचारतात, बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना दामोदर, हिराकूडच्या योजनांना गती दिली. मग आपण विरोध कसा करायचा? उत्तर महाडात आहे. १९२७ साली बाबासाहेब पाण्यावरचा माणसाचा हक्क मिळवायला गेले होते, दुसऱ्याचा हक्क हिरावायला नव्हे.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तोच अधिकार धारणीच्या ग्रामसभांचा आहे. त्यांच्या संमतीशिवाय एक कुदळही पडता कामा नये.

आमच्या तहानेसाठी शेततळी, बंधारे आधी करा. आदिवासींना बुडवून येणारे पाणी गोड असले तरी ते आम्हाला खारेच लागेल. जय भीम!