लाल दिवाच लागत नाही!

दुरुस्तीखाना (साप्ताहिक स्तंभ)

रात्री नीट चाललेला टीव्ही सकाळी रिमोटला दाद देत नाही. लाल दिवासुद्धा लागत नाही. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो मेकॅनिकला बोलवा, दुसरा मोबाइलवर नव्या संचांच्या किमती पाहू लागतो. हल्ली दुसऱ्या पक्षाचं पारडं जड असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याच्या हाती आणखी एक मुद्दा आला.

हैदराबादेत पहिल्या पक्षाला अजून आधार आहे. पाचवा निजाम अफझलुद्दौला याने धान्याच्या व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर अफझलगंज वसलं. नांदेड-लातूरकडून येणारा प्रवासी आज जवळच्याच महात्मा गांधी बसस्थानकात उतरतो. अफझलगंजातून कोठीकडे गेलं की गुजराती गल्ली लागते. रिमोट, बॅकलाइटच्या पट्ट्या, कंडेन्सर, मोसफेट, युनिव्हर्सल बोर्ड अशा सुट्या मालाचा हा बाजार. ज्या शहरात १९६७ साली ईसीआयएल ही कंपनी स्थापन झाली आणि ज्याच्या ‘ईसी’ टीव्हीने एके काळी देशभरातल्या बैठकीच्या खोल्या व्यापल्या, त्या शहराला टीव्ही उघडून बघण्याची भीती नसावी हे ओघानेच आलं.

आणि उघडून बघितलं तर ‘डेड सेट’ म्हणून आलेल्या टीव्हीत पडदा बहुधा ठणठणीत असतो. बसलेला असतो तो पॉवर सप्लाय. मेकॅनिक आधी फ्यूज बघतो. काच काळी पडली असेल तर पुढे कुठेतरी दणदणीत शॉर्ट आहे, बहुतेक ब्रिज रेक्टिफायर किंवा मोसफेट. अशा वेळी नुसता नवा फ्यूज टाकला तर तोही क्षणात जातो. म्हणून जाणता कारागीर संच थेट सॉकेटला न लावता सिरीजमध्ये साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब घालून लावतो. बल्ब भगभगून तसाच पेटत राहिला तर शॉर्ट कायम. एकदा चमकून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. या कामाला एलईडी बल्ब चालत नाही.

फ्यूज शाबूत आणि तरीही सगळं सुनसान, ही खरी फसवी अवस्था. घरातली २३० व्होल्टची एसी वीज ब्रिजमधून डीसी होऊन मोठ्या कंडेन्सरवर येते, तेव्हा तिथे ३२० व्होल्टच्या आसपास भरतात. तेवढे मिळाले आणि पुढे काहीच नाही, तर संशय सुरुवातीचा करंट देणाऱ्या रेझिस्टरवर, कंट्रोल आयसीवर किंवा त्या आयसीला वीज पुरवणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या कंडेन्सरवर जातो. धोकाही इथेच जास्त. सप्लाय चालू होत नसल्याने मोठ्या कंडेन्सरमधला चार्ज खर्च होत नाही आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ टिकून राहतो. तो बल्बातून किंवा रेझिस्टरमधून उतरवायचा असतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणं हा शूरपणा नव्हे. घरच्यांनी पाठचं झाकण उघडू नये, ते याचसाठी.

लाल दिवा लागतो, पण संच उठत नाही, ही तक्रार वेगळी. स्टँडबायचे पाच व्होल्ट आले आहेत, एवढं तो दिवा सांगतो. मेन बोर्डाकडून ‘पॉवर ऑन’चा इशारा येतो का, आणि आल्यावर बारा व्होल्ट टिकतात की कोसळतात, हे मीटरवर बघायचं. कोसळत असतील तर आउटपुटच्या बाजूचे हजार मायक्रोफॅरडचे कंडेन्सर डोक्यावर फुगलेले दिसतात. कधी सप्लाय निर्दोष असतो आणि मेन बोर्डातला शॉर्ट त्याला दाबून धरतो. आवाज येतोय पण पडदा काळा असेल, तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसट चित्र दिसलं की दोष बॅकलाइटचा.

कंडेन्सर का फुगतात, याचं उत्तर गणितात आहे. त्यावर १०५ अंश, २,००० तास असं काहीसं लिहिलेलं असतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, असा ठोकताळा आहे. म्हणजे ६५ अंशांवर तो ३२,००० तास चालावा. रोज सहा तास टीव्ही लावला तर चौदा वर्षांहून जास्त. तोच ८५ अंशांवर ठेवला तर ८,००० तास, जेमतेम साडेतीन वर्षं. हीटसिंकला चिकटवून बसवलेला कंडेन्सर, भिंतीला टेकलेला संच आणि हैदराबादचा मे महिना यांची बेरीज कुठे जाते, ते वेगळं सांगायला नको.

किरकोळ किमतीच्या या भागापायी अख्खा टीव्ही भंगारात जातो, कारण अधिकृत दुरुस्तीत भाग नव्हे, बोर्ड बदलतात. आणि जुन्या मॉडेलचं बोर्ड ‘येत नाही’. पूर्वी अनेक संचांबरोबर सर्किट डायग्राम मिळे. आता स्वस्त संचांत सप्लाय आणि मेन बोर्ड एकाच पाटीवर असतात, डायग्राम तर दूरच.

युरोपीय संघाने यावर नेमकं बोट ठेवलं. १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार टीव्हीचा अंतर्गत पॉवर सप्लाय आणि ४०० मायक्रोफॅरडहून मोठे कंडेन्सर, मॉडेलचा शेवटचा संच बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षं, व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना मिळालेच पाहिजेत. कंडेन्सरचा उल्लेख थेट कायद्यात! आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. पण पोर्टलवर माहिती देणं आणि भाग देण्याची सक्ती होणं यांत अंतर आहे. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने २०२५ च्या मे महिन्यात अहवाल दिला, तेव्हाही पहिला मान मोबाइल आणि टॅबलेटला मिळाला.

टीव्हीला त्या यादीत घ्यायला हवं, आणि युरोपातल्या दोन ओळी उचलून इथल्या नियमात टाकायला हव्यात : सप्लाय सात वर्षं मिळेल, डायग्राम मेकॅनिकला मिळेल. तोवर नवा संच घेणाऱ्याने पडद्याच्या इंचांबरोबर दुकानदाराला आणखी दोन प्रश्न विचारावेत. पॉवर सप्लायचं बोर्ड वेगळं आहे का? आणि ते सुटं किती वर्षं मिळेल? उत्तर बिलावर लिहून मागावं.